शून्यावर लावला, तरी माल का बिघडला?

वाचकांचे प्रश्न : जहाज आणि रेल्वेने होणारी थंड वाहतूक

प्रश्न : आमच्या द्राक्षांचा ४० फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर रॉटरडॅमला गेला. सेट पॉइंट, म्हणजे यंत्रावर लावलेले तापमान, शून्य होता आणि कंटेनरच्या नोंदीतही वाटभर शून्यच दिसते. तरी तिथे मधल्या पॅलेटमध्ये कुजके मणी आणि तपकिरी देठ निघाले. माल भरताना गराचे तापमान ६-७ अंश होते, पण ‘प्रवास महिन्याभराचा आहे, वाटेत गार होईलच’ असे पॅकहाउसवाले म्हणाले. यंत्र नीट चालू असताना असे कसे झाले?
– द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : पॅकहाउसवाल्यांचा हिशेब कागदावर बरोबर येतो. ४० फुटी हाय क्यूब कंटेनरमध्ये द्राक्षे सुमारे १३ टन बसतात. ती ७ अंशांवरून शून्यावर आणायला साधारण ९० ते ९५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. रीफरच्या यंत्राची क्षमता त्या तापमानाला १० किलोवॅटच्या घरात असते, म्हणजे दहा-बारा तासांत काम व्हायला हवे. प्रत्यक्षात तीन-चार दिवस जातात, मधल्या पॅलेटला त्याहूनही जास्त. यंत्रात ताकद असते, पण गार हवा मण्यापर्यंत पोचत नाही.

रीफरमध्ये हवा खालून येते. जमिनीवर इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधल्या खाचांतून हवा दारापर्यंत जाते, वाटेत खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. ही रचना गार माल गार ठेवण्यापुरती आहे. भिंतीतून झिरपणारी उष्णता आणि फळांच्या श्वसनाची थोडी ऊब वाहून नेणे एवढेच तिचे काम. पनेट (छोटे डबे), लायनर (खोक्यातली प्लास्टिकची पिशवी) आणि पॅड यांच्या आत गुंडाळलेल्या घडापर्यंत जाण्याइतका जोर त्या हवेत नसतो. ती दोन पॅलेटमधल्या फटीतून वर निघून जाते. प्रीकूलिंगच्या, म्हणजे भरण्याआधी माल गार करण्याच्या खोलीत मात्र पंखा खोक्यांच्या आरपार हवा ओढतो, म्हणून तिथे तेच काम ६ ते ८ तासांत होते. नोंदीत तुम्हाला दिसलेले शून्य यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेचे आहे, द्राक्षांचे नाही.

खरे नुकसान पुढच्या टप्प्यात झाले असणार. खोक्यात द्राक्षांबरोबर ठेवायच्या ग्रेप गार्ड या बुरशीरोधक पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते. त्याला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि तोच करड्या बुरशीला रोखतो. दोन टप्प्यांच्या पॅडमधला जलद थर पहिल्या एक-दोन दिवसांत वायू सोडतो, मंद थर पुढचे काही आठवडे पुरवून सोडतो. लायनरच्या आत द्राक्षे ७ अंशांवर आणि बाहेरची हवा शून्यावर असली की लायनरला आतून घाम सुटतो. पॅड भिजते आणि महिनाभर पुरायचा वायू पहिल्याच आठवड्यात बराचसा उडून जातो. त्याने देठाजवळचे मणी पांढुरके पडतात. पुढे वायूच उरत नाही. करडी बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढतेच. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांना युरोप गाठायला १० ते १४ दिवस जास्त लागू लागले. पूर्वी २०-२२ दिवसांत खपून जाणारी चूक तेवढ्या लांब वाटेवर उघडी पडते.

देठ तपकिरी पडण्याचे मूळ याच्याही आधी आहे. घड तोडल्यापासून प्रीकूलिंग सुरू होईपर्यंत देठातले पाणी उडत राहते. तिथे गेलेले तीन-चार तास कोणताही रीफर परत देत नाही. तोडणी पहाटे उरकावी, क्रेट सावलीत ठेवावेत आणि चार ते सहा तासांच्या आत माल प्रीकूलिंगला लावावा.

माल भरण्याआधी गर ० ते १ अंशावर आला की नाही ते स्वतः मोजा. सुईचा थर्मामीटर पॅलेटच्या वरच्या खोक्यात नव्हे, मधल्या थरातल्या आतल्या खोक्यात, मण्याच्या गरात खुपसा. थर्मामीटर खरा आहे का हे पाहायला बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी कालवून त्यात धरा. त्याने शून्य दाखवले पाहिजे. अर्धा-पाऊण अंशाची चूक तर बाजारातल्या बऱ्याच थर्मामीटरमध्ये असते, आणि द्राक्षांसाठी एवढी चूक लहान नाही. सेट पॉइंट उणे ०.५ ठेवायचा असेल तर तिचे महत्त्व आणखी वाढते. मण्यात साखर असल्याने तो उणे २ च्या आसपास गोठतो, पण देठात साखर कमी, म्हणून देठ आधी गोठतो.

माल भरताना यंत्र बंद असले पाहिजे. दार उघडे ठेवून यंत्र चालवले की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि बाष्पक कॉइलवर बर्फाचा थर चढतो. मग पहिल्याच रात्री हवेचा मार्ग तुंबतो. रिकामा कंटेनर आधी गार करून ठेवण्याची पद्धतही शीतगृहाचे दार कंटेनरला रबरी झालरीने घट्ट जुळत असेल तरच उपयोगाची. उघड्या आवारात गार कंटेनरचे दार उघडले की भिंती घामाने ओल्या होतात आणि ते पाणी खोक्यांवर टपकते.

माल आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर परतीच्या हवेला वाट उरत नाही. शेवटचा पॅलेट पट्ट्या संपतात तिथे थांबला पाहिजे, दाराला टेकता कामा नये. उलट माल कमी असेल आणि पट्ट्यांचा काही भाग उघडा राहत असेल तर तो पुठ्ठ्याने किंवा प्लायने झाका. नाहीतर सगळी गार हवा तिथूनच वर जाते आणि बाकीच्या पॅलेटना ती मिळत नाही.

प्रश्न : रिकामा कंटेनर पॅकहाउसला आल्यावर काय तपासायचे? ड्रायव्हर घाईत असतो, सही मागतो.
– निर्यात पॅकहाउसचे व्यवस्थापक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : सही करण्याआधी दहा मिनिटे मागून घ्या. पीटीआय, म्हणजे निघण्यापूर्वीची तपासणी झाल्याचे स्टिकर आणि त्यावरची तारीख पाहा. आत जाऊन वास घ्या. आधी मासे किंवा कांदा गेला असेल तर तो वास तुमच्या फळात उतरेल. पट्ट्यांच्या खाचांत पुठ्ठ्याचे तुकडे, थर्माकोल किंवा चिंध्या अडकल्या असतील तर काढून टाका. एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेर दारापाशी थांबून दार लावावे. कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर रबरी गॅस्केट गेले आहे, कंटेनर परत करा. जमिनीच्या कोपऱ्यांतली निचऱ्याची भोके तुंबलेली नाहीत ना तेही पाहा.

मग सेट पॉइंट आणि ताज्या हवेच्या झडपेची खूण बुकिंगच्या कागदाशी ताडून पाहा, दोन्हींचे फोटो घ्या. शेवटी ट्रेलरच्या जेनसेटमधले, म्हणजे वाटेत रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरमधले डिझेल. जेनसेट तासाला साधारण ३ लिटरच्या आसपास डिझेल घेतो. न्हावा शेवाच्या फाटकावर रात्रभराची रांग लागली तरी पुरेल एवढे असले पाहिजे. पॅकहाउसमध्ये थ्री-फेज जोडणी असेल तर माल भरून झाल्याबरोबर कंटेनर तिथेच लावा. रीफर ३८० ते ४६० व्होल्टवर चालतो, आपली ४१५ व्होल्टची लाइन त्यात बसते.

प्रश्न : केळीचा कंटेनर आखातात पोचला. फण्या हिरव्या दिसत होत्या, पण पिकवण केंद्रात लावल्यावर पिवळ्या न होता राखाडी, मळकट झाल्या. खरेदीदार म्हणतो माल कच्चा होता. नेमके काय झाले?
– केळी उत्पादक गट, रावेर

उत्तर : केळीला थंडी बाधली आहे. हिरव्या केळीसाठी सेट पॉइंट १३.३ ते १४ अंश. १३च्या खाली ती फार वेळ राहिली की सालीखालच्या नळ्यांतला चीक साकळतो आणि पुढे साल नीट पिवळी होत नाही. खात्री करायची तर एका हिरव्या केळीची साल नखाने वरवर सोला. आत तपकिरी रेघा दिसल्या तर कारण थंडीच. कच्च्या मालाला अशा रेघा पडत नाहीत, त्यामुळे खरेदीदाराला देण्यासाठी हा पुरावा चांगला आहे. अशा रेघांचे जवळून फोटो काढायला त्याला सांगा.

ही थंडी आली कुठून ते बुकिंगच्या कागदावर शोधा. तीन चुका वारंवार होतात. पहिली, अधिक-उणेची. ‘१३.५’ समोर चिन्ह न लिहिल्यामुळे कंटेनर उणे १३.५ वर लागल्याची उदाहरणे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत, मात्र त्यात केळी दगड होतात, तुमच्यासारखी राखाडी नव्हे. तरी सवय म्हणून ‘अधिक १३.५ अंश सेल्सिअस’ असे अक्षरी लिहा. दुसरी चूक आकडा गोल करण्याची. १३.५चे कुणीतरी १३ करतो, पुढचा ‘थोडे सुरक्षित’ म्हणून १२ करतो. द्राक्षाला थंडी जास्त झालेली चालते ही समजूत केळीला लावली जाते. तुमच्या बाबतीत माझा संशय इथेच आहे.

तिसरी चूक झडपेची. केळी श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे इथिलीन सोडतात. ते बाहेर गेले नाही तर एक-दोन पिकलेल्या फण्या सगळा कंटेनर वाटेतच पिकवतात. म्हणून ताज्या हवेची झडप उघडी ठेवावी लागते आणि तिचे माप ताशी घनमीटरमध्ये असते. कागदावर नुसते ‘२५’ लिहिले तर कुणी ते २५ टक्के उघडायचे असे वाचतो. या दोन्हींत पुष्कळ फरक आहे. झडप जास्त उघडी राहिली तर उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा आत येऊन कॉइलवर बर्फ धरतो. घड जर निर्वात पिशवीत बांधले असतील तर हिशेब वेगळा, तिथे पिशवी बनवणाऱ्याने सांगितलेलेच माप पाळा.

प्रश्न : किसान रेल्वेला आम्ही वातानुकूलित गाडी समजत होतो. डाळिंब पाठवले तेव्हा डबा साधाच निघाला. रेल्वेने थंड माल जातो की नाही?
– डाळिंब उत्पादक, सांगोला

उत्तर : तुमचा समज चुकण्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात किसान रेल्वेची घोषणा झाली तेव्हा थंड डब्यांचाच उल्लेख होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली गाडी सुटली, २८ डिसेंबरला सांगोला ते शालिमार ही शंभरावी. पण या गाड्यांत मुख्यतः साधे पार्सल डबे होते. मोठ्या पार्सल डब्यात २३ टन माल बसतो. कपूरथळ्याच्या कारखान्यात बनलेले १७ टनी थंड डबे रेल्वेकडे आहेत, पण देशाच्या गरजेपुढे ते मोजकेच. गाडीचा फायदा वेळेवर पोचणे आणि भाड्यातली निम्मी सवलत यात होता, गारव्यात नव्हता.

डाळिंबाला साधा डबा दोन-तीन दिवस निभतो. ते तोडल्यानंतर पिकत नाही, फक्त पाणी गमावते, साल कडक आणि तपकिरी होते. द्राक्षे किंवा स्ट्रॉबेरी मात्र अशा डब्यात घालू नका. साध्या डब्यासाठी भोके असलेली खोकी किंवा क्रेट वापरा, थप्प्यांमध्ये चार बोटे फट ठेवा, छतापर्यंत भरू नका आणि डब्याच्या झडपा उघड्या आहेत ना ते पाहा. माल आदल्या दिवशी शीतगृहात ५ अंशांवर ठेवून साध्या डब्यात भरणे ही हौस टाळा. गार फळावर गरम हवेतले पाणी बसते, खोके ओले होते आणि देठाच्या मुकुटात बुरशी धरते. रात्रभर सावलीत, वाऱ्यावर ठेवून पहाटे भरलेला माल जास्त चांगला पोचतो. रेल्वेत माल खराब होतो तो बहुधा फलाटावर. टेम्पो ते फलाट, फलाट ते डबा, पुन्हा फलाट, पुन्हा ट्रक अशी चार वेळा चढउतार होते आणि मधले तास उन्हात जातात. दुसऱ्या टोकाला उतरवून घेणारा माणूस ठरलेला नसेल तर गाडीची वेळ पाळूनही उपयोग नाही.

खरी थंड रेल्वे वाहतूक होते ती रीफर कंटेनरची. सपाट वाघिणींवर कंटेनर ठेवतात आणि रेकमध्ये, म्हणजे वाघिणींच्या जोडलेल्या रांगेत, डिझेल जनरेटरचा पॉवर पॅक जोडून त्याच्या केबलने कंटेनरना वीज देतात. जानेवारी २०२०मध्ये आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यातल्या ताडीपत्रीहून ४३ रीफर कंटेनरमधून ९८० टन केळी अशीच न्हावा शेवाला आली आणि तिथून इराणला गेली. एवढ्या लांब अंतरासाठी आणि एकाच वेळी पूर्ण रेकभर माल असेल तर हे परवडते. सांगोला किंवा नाशिकहून न्हावा शेवासाठी मात्र रस्ताच बरा. अंतर कमी, आणि रेल्वेत कंटेनर दोनदा जास्त उचलावा लागतो.

प्रश्न : दुबईसाठी एकाच कंटेनरमध्ये डाळिंब, हिरवी मिरची, भेंडी आणि थोडी केळी भरली तर चालेल का? जागा उरली तर कांदा?
– निर्यातदार, बारामती

उत्तर : डाळिंब, मिरची आणि भेंडी चालेल, ७ ते ८ अंशांवर. डाळिंबाला ५ जास्त मानवते, पण चार-पाच दिवसांच्या प्रवासात ७ने बिघडत नाही. भेंडी मात्र ७च्या खाली गेली की काळी पडते, म्हणून आकडा भेंडीचा धरायचा. केळी काढून टाका. तिला हवे १३.५, आणि एखादी फणी पिकली की तिच्या इथिलीनने भेंडी पिवळी पडेल. कांद्याला कोरडी हवा लागते, ६५ ते ७० टक्के आर्द्रता. भाजीला ९०च्या वर. शिवाय त्याचा वास. द्राक्षे तर कशाबरोबरच नकोत, पॅडमधल्या वायूने शेजारच्या मालावर डाग पडतात.

प्रश्न : गोठवलेल्या कोळंबीच्या कंटेनरमध्ये दार उघडताच हिम दिसले, खोकी चेपलेली होती. द्राक्षवाल्यांप्रमाणे आम्हीही थप्प्यांत फटी ठेवल्या होत्या.
– मत्स्य प्रक्रिया उद्योग, रत्नागिरी

उत्तर : फटी ठेवायला नको होत्या. गोठवलेला माल श्वास घेत नाही, त्याच्या मधून हवा जायची गरज नाही. भिंती, छत आणि जमिनीतून येणारी उष्णता मालाभोवतून फिरणारी हवा उचलते, म्हणून खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून अखंड ठोकळा करायचा. ताज्या हवेची झडप पूर्ण बंद, आर्द्रता नियंत्रण बंद. भरताना कोळंबीचा गाभा उणे १८ किंवा त्याखाली असला पाहिजे. हिम आले ते बहुधा झडप थोडी उघडी राहिल्याने किंवा भरताना दार फार वेळ उघडे ठेवल्याने. खोकी चेपण्याचे कारण त्यांचे कोपरे एकावर एक न येणे. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद कोपऱ्यांतच असते.

प्रश्न : माल खराब पोचला तर दावा कसा करायचा? जहाज कंपनी म्हणते ‘आमची नोंद शून्याची आहे’.
– फळ निर्यातदार, तासगाव

उत्तर : नोंदीत किमान दोन रेषा असतात, त्या दोन्ही मागा. सप्लाय म्हणजे यंत्रातून निघणारी हवा, रिटर्न म्हणजे माल फिरून परत आलेली. ताज्या फळांसाठी यंत्र सप्लायवर चालते. सप्लाय सरळ आणि रिटर्न पहिले काही दिवस दोन-तीन अंश वर असेल तर माल गरम भरला गेला होता, आणि ते तुमच्यावर उलटेल. रिटर्न मध्येच हळूहळू चढत गेला तर हवेचा मार्ग अडला. दोन्ही एकदम चढल्या तर यंत्र किंवा वीज बंद होती, मग तारीख पाहून कंटेनर कुठे होता ते शोधा : बंदरात, ट्रेलरवर की जहाजावर. काही तासांच्या अंतराने येणारी छोटी टोके डीफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची असतात, त्यावरून भांडू नका.

तुमचा स्वतःचा नोंदक कंटेनरमध्ये नसेल तर बाजू लंगडी पडते. एक मधल्या पॅलेटच्या खोक्यात आणि एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये ठेवत जा, त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहा. भरतानाचे गराचे तापमान पॅलेट क्रमांकासह लिहून त्या कागदाचा फोटो ठेवा.

नुकसान दार उघडताच दिसत असेल तर ताबा घेतानाच लेखी हरकत नोंदवा. वरून दिसत नसेल तर ताब्यापासून ३ दिवसांत. दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे माल ताब्यात मिळाल्यापासून एक वर्ष असते, तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या) मागच्या अटींत ती तपासा. सर्व्हेयरला बोलावताना जहाज कंपनीच्या प्रतिनिधीलाही लेखी बोलवा. एकतर्फी पाहणीला पुढे फारशी किंमत राहत नाही. आणि पाहणी होईपर्यंत खरेदीदाराला खराब पॅलेट निवडून फेकू देऊ नका.